काढ्याचं मडकं परत करायचं नसतं

दक्षिण चीनमधल्या ली नदीच्या काठावरच्या त्या गावात कुणाकडून उसनं आणलेलं वेळेवर परत करावं, ही शिकवण पोरांना पाय फुटायच्या आधी मिळते. कोयता, शिडी, तांदळाचं माप, लग्नकार्यातली बाकडी, सगळं परत. एक काढ्याचं मडकं सोडून. ते मागून न्यायचं, घरातलं माणूस उठून बसेपर्यंत त्यात काढे उकळायचे आणि मग गप्प राहायचं. मडकं परत नेऊन देणं म्हणजे आपल्या घरातलं दुखणं उचलून मालकाच्या उंबऱ्यावर ठेवणं. पुढे दुसरं कुणी आजारी पडलं की ते येऊन मागून नेतं. खुद्द मालकाला गरज लागली तर त्यानेही जायचं आणि ‘जरा मडकं देता का’ म्हणत स्वतःचंच मडकं उसनं मागायचं.

याने दुखणं खरंच जागच्या जागी राहतं का, असं विचारणारे शहाणे गावात होते. पण मडकं परत करून बघणारा त्यांच्यातही कुणी नव्हता.

जुन्या विहिरीच्या गल्लीतलं मडकं थ्येनांच्या घरचं होतं, म्हणजे चौथ्या काकूंचं. नाव त्यांचं तुंगश्यू, पण नवरा चार भावांत चौथा, म्हणून गल्लीला त्या चौथ्या काकू. तपकिरी मातीचं, बुटकं, पोटाला फुगलेलं, एका अंगाला चोच आणि दुसऱ्या अंगाला दांडा, असं ते मडकं त्यांना सासूकडून आलं होतं. आणि गंमत अशी की कित्येक वर्षांत त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. ते बाहेर होतं. कुणाकडे, हे त्यांनी विचारलं नव्हतं, आणि आपणहून सांगायला कुणी आलं नव्हतं.

काकूंची उंची कमी होत चालली होती. हे त्यांनी कुणापाशी कबूल केलं नव्हतं. चुलीवरच्या तुळईला धुरी द्यायचं मांस टांगायचा एक आकडा होता. तिथे पूर्वी त्यांचा हात सहज पोचायचा. मग टाचा उंचावाव्या लागल्या, मग बाकड्यावर चढावं लागलं. ‘हा आकडा वर कुणी सरकवला गं?’ असं त्या घरात एकट्या असताना मोठ्याने विचारायच्या. पाठीला बाक आला तर म्हणाल्या, आयुष्यभर विहिरीत वाकून पाहिलं, दुसरं काय होणार. पण एके सकाळी मिरच्यांच्या लोणच्यावरचा दगड उचलताना मनगटातून काडी मोडल्यासारखा आवाज आला, आणि त्याचं खापर विहिरीवर फोडता येईना.

जिल्ह्याच्या दवाखान्यात फोटो काढले. तिथली डॉक्टर मुलगी भली होती. “आजी, हाडं विरलीत तुमची,” ती म्हणाली. “आतून जाळी झालीय. पाठीतले मणकेही दबलेत.” तिने मनगटाला प्लास्टर घातलं, गोळ्या दिल्या, ऊन घ्या म्हणाली, आणि पडू नका म्हणाली.

“पडू नका!” काकू घरी येईपर्यंत फणफणत होत्या. “जशी काही मी हौसेने पडणार होते.”

गोळ्या त्यांनी नेमाने घेतल्या. पण त्या गल्लीत छिन वैद्यांनी नाडी पाहिल्याशिवाय कुठलंही दुखणं पक्कं झालं असं कुणी मानत नाही. प्लास्टर उतरल्यावर काकू त्यांच्या दुकानात जाऊन बसल्या. वैद्य आता ऐंशीच्या पुढचे. ते काकूंच्या नवऱ्याचे दोस्त, त्यामुळे गल्लीत काकूंना नावाने हाक मारणारे तेवढे एकटेच उरले होते. मागे छतापर्यंत खणांची भिंत, आणि दुकानात तोच वास, कडू, गोडसर, थोडा मातीचा. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा होता तोच. या वासात बसलं की त्यांना वाटायचं, आत्ता दार लोटून नवरा, म्हणजे चौथे भाऊ, येतील आणि खांद्यावरचा सालींचा भारा जमिनीवर टाकतील.

वैद्यांनी आधी एका हाताची, मग दुसऱ्या हाताची नाडी पाहिली. जीभ पाहिली. मग म्हणाले, “हाडांचा मालक मूत्रपिंड. मालक थकला की गडी काम सोडतात. तुझा मालक थकलाय, तुंगश्यू.”

“माझा मालक जाऊन जमाना झाला, दादा.”

“त्याचं नाही म्हणत मी.”

“मला कळलं. थट्टाही करू नये की काय माणसाने?”

वैद्य हसले. “दवाखान्याच्या गोळ्या सोडू नकोस. त्यांचं त्यांना करू दे, माझं मला.”

“आणि पाठ सरळ होईल?”

“झाडाची साल सोलली तर नवी भरते. हाडाचं तसं नसतं. आहे ते सांभाळायचं. कंबरेचा ठणका कमी झाला, पायाला जोर आला, तर तेवढ्यात समाधान मानायचं.”

त्यांनी खण उघडायला सुरुवात केली. वाळूत भाजून लव काढलेले तपकिरी कंद, काळीभोर चिकट मुळं, ‘तुटलेलं सांधणारी’ असं जिचं नावच आहे ती मुळी. शेवटी तूचुंगच्या झाडाची साल. ती त्यांनी दोन्ही हातांत धरून मोडली. साल कट्‍कन तुटली, पण तुकडे वेगळे झाले नाहीत; मधे रुपेरी बारीक तारा ताणल्या गेल्या आणि दोन्ही तुकडे त्यांना लोंबकळत राहिले.

काकूंनी मान फिरवली. चौथ्या भाऊंचं सगळं आयुष्य या सालीत गेलं होतं. उन्हाळा लागला की ते डोंगरात जायचे, तूचुंगच्या खोडाला वर-खाली गोल चिरा द्यायचे आणि साल अंगरख्यासारखी उतरवायचे. उघड्या पडलेल्या खोडाला बोट लावू द्यायचे नाहीत. काकू नव्या नवरी होत्या तेव्हा कौतुकाने हात पुढे करायला गेल्या होत्या, तर चौथे भाऊ ओरडले होते, “हात मागे! तुझं बोट लागलं तर तेवढ्या जागी साल कधी धरायची नाही.” मग काकूंना राग आलाय की काय म्हणून त्यांनीच मोडक्या सालीचे दोन तुकडे काकूंच्या पुढे धरले आणि तारा ताणून दाखवल्या. “बघ. तुटली तरी सुटत नाही. तू अशी हो.” लग्नाच्या बायकोशी असलं बोलणारा माणूस त्या काळी औषधालाही सापडला नसता. काकूंना ते बोलणं आठवलं की अजूनही कान तापायचे.

“काढा मातीच्या मडक्यात कर,” वैद्य पुड्या बांधता बांधता म्हणाले. “लोखंडाला लावू नकोस. तुझ्याकडे होतं ना मडकं?”

“आहे.”

“कुठेय?”

“बाहेर आहे.”

वैद्यांनी दोरा दाताने तोडला. काकूंकडे न बघता ते म्हणाले, “अशीच पुडी मी गल्लीत आणखी एका घरी देतो. दुखणंही हेच.”

कुणाच्या घरी, ते त्यांनी सांगितलं नाही, काकूंनीही विचारलं नाही. निघताना वैद्य दारापर्यंत आले. औषधाच्या दुकानातून निघणाऱ्या माणसाला ‘परत या’ म्हणत नाहीत, दुखणंही परत येईल म्हणून. ते म्हणाले, “सावकाश जा.”

ग्वांगतुंगला राहणाऱ्या मुलीने फोनवर सरळ उपाय सांगितला. “आई, हल्ली दुकानात यंत्रावर काढा उकळून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून देतात. गरम पाण्यात ठेवायची, कोपरा कापायचा, प्यायची. कशाला मडकं नि बिडकं?”

“पिशवीतला काढा पिशवीत राहणाऱ्यांना,” काकू म्हणाल्या.

“मग नवं मडकं घे.”

“म्हातारपणी दुखण्यासाठी नवं घर बांधू? ते काय मग भाड्याने राहणार आहे का? कायमचंच राहील.”

नवं मडकं घ्यायचं नाही, हा हट्ट रीतीचा होता हे खरं. पण खरं कारण त्याच्याही खाली होतं. मडकं मागायला जायचं म्हणजे गल्लीत दार दार फिरायचं, आणि त्या दारांत एक दार असं होतं की त्यासमोरून जाताना काकू समोरच्या भिंतीला खांदा घासत जायच्या. वैद्यांचा ‘आणखी एका घरी’ हा शब्द त्यांना टोचत होता. ते घर त्यांना माहीत होतं. न सांगताच माहीत होतं.

ते घर हाययेनचं.

हाययेन दूर उत्तरेकडच्या शानतुंगची, समुद्राकाठची. गल्लीतल्या यू ट्रकवाल्याने फौजेत असताना तिला पसंत केली आणि इकडे आणली. बोलायला लागली की अर्धी गल्ली ‘काय? काय म्हणाली?’ करत एकमेकींकडे बघायची. पहिल्या जेवणात मिरचीने तिच्या डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या, आणि सासरच्यांना वाटलं पोरीला माहेर आठवतंय. गल्लीने तिला ‘शानतुंगची’ करून टाकलं. काकूंनी मात्र तिला पहिल्या दिवसापासून धाकटी म्हटलं. विहिरीवर दोघी बरोबर भाजी धुवायच्या. काकूंनी तिला मिरची खायला शिकवली, आधी तेलात तळलेली, मग लोणच्यातली, मग हिरवी. तिने काकूंना वाफेवरचे गव्हाचे गोळे करायला शिकवले, जे चौथ्या भाऊंनी एकदा हातात तोलून पाहिले आणि विचारलं, “हे खायचंय की भिंतीत बसवायचंय?” दोघी हसून हसून विहिरीच्या कट्ट्याला टेकल्या होत्या. काकूंना आयुष्यात तेवढं हसायला पुन्हा कधी मिळालं नाही. हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तर त्या तिकडे बघायच्या नाहीत.

धाकटीच्या मुलीला एका हिवाळ्यात खोकला लागला. काकूंनी स्वतः मडकं नेऊन दिलं, काढा किती आटवायचा ते सांगितलं, आच किती ठेवायची ते सांगितलं. पोर बरी झाली. मग एक दिवस काकू माहेरी गेल्या होत्या तेव्हा धाकटी त्यांच्या दारात आली. मडकं राखेने घासून लख्ख केलेलं, आणि आत कोंड्यात बसवलेली अंडी. तिच्या आईने तिला शिकवलं होतं, उसनं भांडं रिकामं पाठवू नये.

“चौथे भाऊजी,” ती हसत म्हणाली होती, “तुमचं मडकं परत आणलंय.”

चौथ्या भाऊंनी ते घेतलं. रीत त्यांना माहीत होती, पण पोरीचा चेहरा बघून त्यांना तिला माघारी पाठववेना. संध्याकाळी काकू आल्या तेव्हा ते अंडी तळून खात बसले होते आणि ही मोठी गंमत म्हणून सांगत होते. काकूंना त्यात गंमत दिसेना. पण बोलणार काय? परमुलखातली पोर, तिला कुणी सांगितलं होतं?

त्याच वर्षी साली सोलायच्या दिवसांत चौथे भाऊ झाडावरून पडले. कंबर मोडली. उन्हाळाभर काकू त्यांना त्याच मडक्यात काढे करून देत होत्या, हाड सांधणाऱ्या त्याच मुळ्या, त्याच साली. पाऊस संपेपर्यंत ते अंथरुणावर होते. मग छातीत कफ भरला आणि पहिल्या थंडीत ते गेले.

दिवस झाल्यावर काकू विहिरीवर गेल्या. धाकटी तिथे होती. सगळ्या बायका होत्या. “परत आणून दिलंस ना?” काकू म्हणाल्या. “माझ्या घरात परत आणून ठेवलंस ना? झालं समाधान?” धाकटीला आधी कळलंच नाही. मग गल्लीतल्या लुंग मावशींनी तिला बाजूला घेऊन समजावलं, आणि तिच्या हातातली टोपली खाली पडली. काकूंनी घरी येऊन मडकं रस्त्यावर ठेवलं आणि दार लावून घेतलं. सकाळी ते तिथे नव्हतं. कुणाला तरी लागत होतं, त्याने नेलं.

तेव्हापासून हे हाडवैर. धाकटी माफी मागायला कितीदा तरी दाराशी येऊन गेली. दार उघडलं नाही. मग ती यायची थांबली. पुढे पुढे तिच्या दारासमोर वरचेवर काढ्याचा चोथा पडलेला दिसू लागला. काढा गाळला की चोथा रस्त्यावर टाकतात. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी तुडवला की दुखणं त्यांच्या पायांनी पांगून जातं, असं म्हणतात. सगळी गल्ली तो तुडवायची. काकू मात्र वळसा घालायच्या. तिचं दुखणं पांगायला आपला पाय तरी लागू द्यायचा नाही. इतक्या कोत्या नव्हत्या काकू एरवी. पण दुःखाने माणूस कुठे उदार होतो?

आता पुड्या टेबलावर पडून होत्या. काकू सोयाबीनचा तोफू विकणाऱ्या लुंग मावशींकडे गेल्या.

“मडकं?” लुंग मावशी तोफू कापता कापता थांबल्या. “अगं बाई, चौथ्या काकू, ते मडकं! माझ्या सासूच्या दम्याला होतं ते. मग शिंप्याच्या घरी गेलं, त्याच्या पोटाला. मग त्या तांबड्या दारातल्या सुनेला दिवस राहत नव्हते तिच्याकडे. जुळे झाले बघा तिला! मग…”

“मग?”

“मग काय, लोकांनी विजेची भांडी घेतली. बटण दाबलं की काढा.”

“मावशी, मडकं कुणाकडे आहे?”

लुंग मावशींनी तोफूचा एक नीट चौकोन आणखी नीट केला. “तुम्हाला ठाऊक आहे की, काकू.”

“मी विचारतेय.”

“मग ऐका. तिच्याकडे आहे. तुमच्या धाकटीकडे. कितीक वर्षं तिच्याचकडे आहे. मागायला गेलं की म्हणते, माझं दुखणं अजून बरं झालं नाही. दुखणंकरी माणसाकडून काढून कसं घेणार? बरं, तुम्हाला सांगायची कुणाची छाती होती? तुम्ही नाव काढलं की असं बघता.”

काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मडक्यात ती काढे पितेय? आणि मी इथे पुड्या घरात ठेवून हिंडतेय!” त्या रागाच्या भरात निघाल्या आणि रागाच्या भरातच गल्ली ओलांडून त्या दारापर्यंत पोचल्या. राग नसता तर पोचल्याच नसत्या. दारावर थाप मारली. पण आत जाऊन भांडायचं की मडकं मागायचं, हे त्यांनी ठरवलंच नव्हतं.

दार उघडायला वेळ लागला. आतून काठी टेकल्याचा आवाज येत होता. दार उघडलं आणि काकूंना समोर कुणी दिसलंच नाही. नजर खाली न्यावी लागली. वाफेवरच्या गोळ्यांचं भलं मोठं पातेलं एका हाताने उचलणारी ती उंचीपुरी उत्तरेकडची बाई कंबरेत अशी वाकली होती की तिला काकूंचा चेहरा पाहायला मान तिरकी करावी लागली.

हाययेनची नजर काकूंच्या काठीपासून डोक्यापर्यंत गेली. 

“वहिनी,” हाययेन म्हणाली. “किती छोट्या झालात हो तुम्ही.”

“मी झाले? आधी आरशात बघ.”

“आरसा उंचावर आहे.”

काकूंना हसू आलं. यायला नको होतं, पण आलं. मग त्यांनी घाईघाईने, तोंडातून दुसरं काही निघायच्या आत, रीतीचं वाक्य म्हटलं, “धाकटे, जरा मडकं देतेस का? मला काढा करायचाय.”

हाययेनचा चेहरा पांढरा पडला. “तुम्हाला? कशाला? काय झालंय?”

“हाडं.”

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. “नाही,” ती म्हणाली. “नाही देणार.”

“काय म्हणालीस?”

“नाही देणार, वहिनी. मारा मला. त्या घरात ते मडकं मी पुन्हा जाऊ देणार नाही.” तिची ती जुनी शानतुंगची बोली उसळून आली आणि शब्द एकमेकांवर आदळू लागले. “तुम्हाला काय वाटतं, मी कशाला ठेवलं इतकी वर्षं? तांबड्या दारातल्या सुनेनंतर कुणी न्यायला येईना. म्हटलं, आता हे असंच पडून राहील, आणि एक दिवस कुणी तरी अडगळ काढताना तुमच्या दारात नेऊन ठेवील. माझ्यासारखं. म्हणून मीच मागून आणलं. पाठ दुखते म्हटलं.”

“दुखत नव्हती?”

“कसली दुखतेय! बैल होते मी, बैल. आलं नि खजूर उकळायचे, प्यायचे, आणि चोथा रस्त्यावर टाकायचे. गल्लीला दिसायला पाहिजे ना, की बाई अजून आजारी आहे. बरी झाले असं दिसलं की कुणी तरी म्हणणार, आता मालकाकडे जाऊ दे. मी बरी व्हायचंच नाही असं ठरवलं होतं.” ती थांबली, धापा टाकत हसली. “आता मात्र खरंच झालंय. मडक्याने सूड उगवला. छिन वैद्य म्हणतात हाडं विरली. तुमचीही विरली? मग मी ठेवून काय उपयोग झाला, वहिनी? मी राखलं ते काय राखलं?”

काकूंनी दारासमोरच्या रस्त्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या ज्या चोथ्याला वळसा घालत होत्या, ज्या दुखण्याला पांगू द्यायचं नाही म्हणून भिंतीला खांदा घासत होत्या, ते दुखणं नव्हतंच. ते आलं आणि खजूर होते. एक बाई त्यांच्यासाठी आजारी असल्याचं नाटक करत म्हातारी झाली होती, आणि त्या वळसे घालत होत्या.

“खोटारडी,” काकू म्हणाल्या.  “अगं खोटारडे.”

मग त्या आत गेल्या. कुणी या म्हटलं नाही, पण त्या गेल्या. चुलीशेजारी, कोनाड्यात मडकं होतं. काळवंडलेलं, चोचीचा टवका उडालेला. दांड्याला तार गुंडाळलेली होती. चौथ्या भाऊंनी गुंडाळलेली, शेवटचं टोक आत मुरडून, बायकोच्या बोटाला टोचू नये म्हणून. काकूंनी त्या टोकावरून अंगठा फिरवला.

“तुला रीत सांगायला हवी होती,” त्या मडक्याशी बोलल्यासारखं म्हणाल्या. “आच सांगितली, पाणी सांगितलं. तेवढं सांगायचं राहिलं. ते काम माझं होतं. तुझ्यावर ढकललं, म्हणून जगले मी. नाही तर कशी जगले असते?”

 हाययेनने बाकडं पायाने पुढे सरकवलं. काकू बसल्या आणि दोघी रडल्या, रडण्यात कुणी मागे राहिलं नाही. बाहेरून लुंग मावशी तोफूचं ताट घेऊन दोनदा गेल्या, आणि दोन्ही वेळा त्यांना काही दिसलं नाही असं त्यांनी दाखवलं.

प्रश्न मात्र होता तसाच होता. मडकं काकूंकडे जाऊ द्यायला एक तयार नव्हती, आणि नवं घ्यायला दुसरी.

“पुड्या कुठायत तुमच्या?” हाययेनने विचारलं.

“घरी.”

“इकडे आणा. माझीच पुडी ती. एकदा उकळायचं तर दोघींचं उकळू. मडकं काही हलायचं नाही. माणूस हलेल.”

काकूंनी विचार केला. रीतीत असं बसत होतं का, ते त्यांना आठवेना. मालक मडक्याकडे जातो, हे तर रीतीतच होतं. तो घरी न्यायलाच जातो, असं कुणी कुठे म्हटलं होतं? “मी ठरवीन आच,” त्या म्हणाल्या. “तू आच मोठी ठेवतेस. रस्त्यातून वास यायचा मला.”

“म्हणजे वास घेत होतात!”

“नाक बंद करून चालायचं का मग?”

त्या दुपारी हाययेनच्या पुडीतला काढा दोघींनी घेतला. हाययेनने तूचुंगचा तुकडा मोडला तेव्हा तारा ताणल्या गेल्या आणि तुकडे लोंबकळले. काकूंनी चौथे भाऊ काय म्हणाले होते ते तिला सांगितलं. आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही. हाययेन म्हणाली, भाऊजी असं बोलायचे? आणि आमचे हे ट्रकशी जेवढं बोलायचे तेवढंही माझ्याशी बोलले नाहीत. मग विहिरीवरची एकेक आठवण निघाली. विहीर आता लोखंडी जाळीने बंद केलीय, आणि त्या भाजी धुणाऱ्या बायकांतल्या कितीक जणी आता हाका मारूनही येणाऱ्या नाहीत. काढा कडू होता. वाटी रिकामी झाल्यावर हाययेनने खडीसाखरेचा खडा काढून दिला, तसा ती पूर्वी खोकणाऱ्या मुलीला द्यायची.

निघताना हाययेनने मडकं उचललं आणि चोथा दाराबाहेर रस्त्यावर ओतला. काळ्या मुळ्या, साली, वाफा निघत होत्या अजून. काकू उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्या इथे वळसा घालायच्या. आज त्यांनी काठी पुढे टेकली आणि चोथ्याच्या मधोमध पाय टाकला, मग दुसरा.

“अहो वहिनी, काय करता! माझं दुखणं लागेल तुम्हाला!”

“लागू दे. तुझ्या आणि माझ्या पुडीत एका मुळीचा फरक नाही. लागून लागून काय वेगळं लागणार आहे?”

त्या चार पावलं गेल्या असतील, मागून हाययेनची हाक आली, मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. “वहिनी, उद्या परत या हं!”

आणि लगेच तिने तोंडावर हात मारला. समोर लुंग मावशींची सुरी तोफूत थांबली. औषधाच्या मडक्याशेजारी उभं राहून ‘परत’ हा शब्द. एवढी वर्षं झाली, तरी बाई शिकली नाही.

काकूंना मान वळवता येत नव्हती. त्या अख्ख्या अंगानेच वळल्या, हळूहळू, काठीभोवती.

“येते,” त्या म्हणाल्या. “परत येते. आणि रिकाम्या हाताने नाही येणार, धाकटे. अंडी आणते.”